बासष्टावं नाव

अल्लीपूरच्या पुढे, हिंगणघाटच्या रस्त्याला, गजेंद्र शेठची जिनिंग आहे, कापसातून सरकी आणि रुई वेगळी करणारी. दिवाळीनंतर कापूस आला की तिथल्या चोवीस मशिनी सकाळी आठला सुरू होतात, आणि मग शेजारच्याचं बोलणं ऐकायचं तर त्याच्या तोंडाशी कान न्यावा लागतो. दिवसपाळीला बासष्ट माणसं. त्यांतल्या निम्म्याहून जास्त बाया.

रुचिका तिथे नोव्हेंबरात लागली. मूळची सेलूची, वर्ध्याला एमएसडब्ल्यू झालेली, वय सत्तावीस. गजेंद्रने तिला घेतलं ते एकाच कारणासाठी. त्याच्या रुईच्या गाठी घेणाऱ्या सूतगिरणीने यंदा अट घातली होती की तुमच्या कामगारांना कशाकशाचं प्रशिक्षण हवं आहे ते तपासा, अहवाल तयार ठेवा, आमचा माणूस जानेवारीत येऊन बघेल. गजेंद्र चाळिशीचा. मुठीत कापूस दाबून त्यातला ओलावा सांगणारा माणूस, पण असल्या कागदांपुढे तो गांगरून जायचा.

"मॅडम, हे तुमचं तुम्ही पाहा," तो म्हणाला होता. "मले फक्त सांगा, सही कुठं करू."

सूतगिरणीने छापील फॉर्म पाठवला होता. माणशी चौदा प्रश्न. मशिनीत हात अडकू नये म्हणून काय काळजी घ्यायची, माहीत आहे का? आगीचा भोंगा वाजला तर कुठे जमायचं, माहीत आहे का? रुईत पाला-कचरा ओळखता येतो का? पुढे हो आणि नाही असे दोन रकाने. रुचिकाने चार दिवसांत बासष्ट फॉर्म भरले. काम थांबवायला गजेंद्रची परवानगी नव्हती, म्हणून ती पॅड घेऊन ज्याच्या त्याच्या जागेवर जायची, ओरडून विचारायची, खुणा करायची. हवेत रुईचे तंतू उडत असायचे, म्हणून तिच्या तोंडाला ओढणी घट्ट बांधलेली असे. एका माणसाला दोन-तीन मिनिटं पुरत.

निकाल इतका चांगला आला की ती स्वतःच खूश झाली. बासष्टपैकी फक्त नऊ जणांना प्रशिक्षणाची गरज. तिने संगणकावर रंगीत गोल काढला, त्यात हिरवा भाग मोठा आणि लाल अगदी फोडीएवढा.

फोरमन प्रेमदास तो कागद बघून हसला. हा माणूस जिनिंगमध्ये पस्तीस वर्षं होता. गजेंद्रच्या वडिलांच्या काळापासून मशिनी त्याच्याच हाताने जुळत.

"चांगलं आहे," तो म्हणाला. "पण मॅडम, आमच्या लोकायले हो म्हणाची सवय आहे. विचारणारा खुर्चीवरचा असला की होच म्हणते."

रुचिकाला ते थोडं लागलं. शिवाय फॉर्मच्या शेवटी एक ओळ होतीच, 'किमान एका बाबीची प्रत्यक्ष तपासणी करावी.' तिने आगीची तालीम घ्यायचं ठरवलं आणि ती कुणालाच आधी सांगायची नाही असंही ठरवलं. फक्त इलेक्ट्रिशियनला विश्वासात घेतलं, कारण मेन स्विच त्यालाच पाडायचा होता. भोंगा बॅटरीवर चालणारा होता आणि रुईच्या हॉलच्या भिंतीवर, खिडकीच्या अगदी वर बसवलेला होता.

बुधवारी सकाळी अकराला तिने बटण दाबलं.

मशिनी घरघरत बंद पडल्या आणि त्या जागी भोंगा सुरू झाला. तो आवाज असा होता की रुचिकाने नकळत दोन्ही हात कानांवर नेले. रस्त्यापलीकडच्या चहाच्या टपरीवरचे लोक उभे राहिले. माणसं बाहेर येऊ लागली. कुणी धावत, कुणी चपला शोधत, एक बाई डबा छातीशी धरून. सगळे वजनकाट्याजवळ जमले. रुचिकाने मोबाईलमधलं घड्याळ पाहिलं. चार मिनिटं दहा सेकंद. तिला बरं वाटलं.

मग ती नावं वाचू लागली. भोंगा चालूच होता, म्हणून ओरडून वाचावं लागत होतं. यादी अक्षराप्रमाणे केली होती. अंकित, किसनराव, जिजा, दिपाली, प्रमिलाबाई... हात वर होत होते. एकसष्ट हात झाले.

"सखू जंगू मडावी!"

हात नाही.

"सखूबाई मडावी!"

बाया इकडेतिकडे पाहू लागल्या. प्रमिलाबाई म्हणाली, "आता तं होती बाप्पा हॉलमधी. झाडून राह्यली होती."

तेवढ्यात, गाठी बांधणाऱ्या प्रेस मशिनीकडून सगळ्यांत शेवटी येऊन हात वर केलेला प्रेमदास गर्दीतून वाट काढत हॉलकडे निघालेला तिला दिसला. तो चालत नव्हता, पळत होता.

"थांबा!" रुचिकाने त्याला अडवलं. "बाहेर आलेल्याने परत आत जायचं नाही. मी बघते."

"मॅडम, मले जाऊ द्या."

"नाही म्हटलं ना. ही तालीम आहे, आग नाहीये."

ती हॉलच्या दाराशी पोचली तेव्हा मागून प्रेमदास ओरडला, "मॅडम, समोरून जाजा तिच्या! मांगून नका जाऊ!"

तिला त्याचा अर्थ कळला नाही.

रुईच्या हॉलमध्ये मशिनीतून निघालेली रुई येऊन पडते. पुरुषभर उंचीचा पांढरा ढीग होता. त्याच्या पायथ्याशी, दाराकडे पाठ करून, सखूबाई मांडी घालून बसली होती. पन्नाशीची, बारीक अंगाची बाई. डोक्याला फडकं बांधलेलं. लाईन गेली असं समजून ती जरा टेकली होती आणि बसल्या बसल्या रुईतले पाल्याचे तुकडे वेचत होती. तिच्यापासून पंधरा फुटांवर, खिडकीच्या वर, भोंगा किंचाळत होता. खिडकीची काच थरथरत होती.

"सखूबाई!"

सखूबाईने एक काडी वेचून बाजूला टाकली.

रुचिका चार पावलं पुढे गेली. "सखूबाई!"

दुसरी काडी.

"मावशी! ओ मावशी!"

आता ती तिच्या पाठीशी दोन हातांवर उभी होती. इतक्या जवळून की सखूबाईच्या मानेवर चिकटलेला रुईचा तंतू तिला दिसत होता. तिच्या स्वतःच्या कानांत दडे बसल्यासारखं झालं होतं, आणि ही बाई शेंगा निवडत बसावं तशी बसली होती. रुचिकाच्या हातातलं पॅड गळून खाली रुईवर पडलं. त्याचाही आवाज झाला नाही.

मग तिची सावली पुढे पडली असावी. सखूबाई दचकून वळली, तिला पाहून हसली आणि चटकन उभी राहिली.

"लाईन आली का जी?"

रुचिकाच्या तोंडाला ओढणी होती. तिने ओढणीआडून विचारलं, "भोंगा वाजतोय. तुम्ही बाहेर का नाही आलात?"

"हाव जी," सखूबाई म्हणाली. मान डोलवली, हसली. "हाव जी."

फॉर्म भरतानाही तिने असंच उत्तर दिलं होतं. चौदाच्या चौदा प्रश्नांना. रुचिकाने ओढणी खाली ओढली आणि सावकाश, एकेक शब्द सोडत विचारलं, "मावशी, तुम्हाला ऐकू येतं का?"

सखूबाईची नजर तिच्या ओठांवर होती. तिचं हसू हळूहळू मावळलं. तिने रुचिकाच्या खांद्यावरून दाराकडे पाहिलं. तिथे प्रेमदास येऊन उभा राहिला होता. त्याने डोक्यावरची टोपी काढली.

इलेक्ट्रिशियनने भोंगा बंद केला.  मशिनी सुरू करा, असं रुचिकाने हातानेच सांगितलं. 

प्रेमदास तिला हत्यारांच्या खोलीत भेटला. त्याने दार लोटून घेतलं.

"तुम्हाला माहीत होतं," ती म्हणाली.

"हाव."

"कधीपासून?"

"आठ वर्षं झाले असन. पहिले मले वाटलं, बाई तोऱ्यात आहे, आवाज देला तं पाहत नाई. मंग ध्यानात आलं." तो हातातल्या पान्याशी चाळा करत होता. "आमचं ठरलं आहे मॅडम. मी रुईचा गोळा मारतो तिच्या पाठीवर. एक मारला तं इकडं पाहाचं. दोन मारले तं बाहेर निघाचं."

"आणि आज?"

"आज मी प्रेसवर होतो तिकडच्या टोकाले. तुम्ही मले पहिले सांगतलं असतं तं..." तो थांबला. "पण मंग तुमची तपासणी कशाची, हेही खरंच आहे म्हणा."

रुचिका स्टुलावर बसली. "भाऊ, खरीच आग लागली असती तर?"

"लागलती," प्रेमदास म्हणाला. "तीन वर्षांमागं. रुईनं पेट घेतला, आम्ही सारे बोंबलत बाहेर आलो. मी मोजलं, सखू नाई. आत गेलो तं ते धुराकडं पाठ करून झाडू मारून राह्यली. मनगटाले धरून वढत आणली."

"आणि तरी तुम्ही कुणाला सांगितलं नाही?"

"सांगतलं असतं तं दुसऱ्या दिवशी घरी पाठवलं असतं तिले. नवरा नाई, एकटी राह्यते. अन् कामाले तिच्यासारखी बाई नाई दुसरी. मशिनीवर नुसता हात ठेवते अन् सांगते, हे बेअरिंग चाललं म्हून. मी उघडून पाह्यतो तं खरंच गेलेलं राह्यते." त्याने पहिल्यांदा तिच्याकडे सरळ पाहिलं. "मॅडम, तुम्ही कागदावर लिहाल का हे?"

तिने उठून लोटलेलं दार उघडलं.

दुपारी डब्याच्या सुट्टीत ती सखूबाईजवळ जाऊन बसली. समोरासमोर, तोंड उघडं ठेवून. सखूबाईने भाकरीचा तुकडा मोडून तिच्या हातावर ठेवला आणि आपण होऊनच सांगायला लागली. तिचा आवाज जरा मोठा येत होता, स्वतःचं बोलणं स्वतःला ऐकू न येणाऱ्या माणसाचा येतो तसा.

"पहिले पाखरं गेले. सकाळी उठलं की बोलत नोयते. मले वाटलं, उन्हाळा आहे, गेले असन कुठं. मंग भांड्याचा आवाज गेला. मंग लोकं. पण मशीन नाई गेली. घरी झोपली तरी डोक्यात मशीन सुरूच राह्यते, घूं घूं करत." तिने पदराने तोंड पुसलं. "माणूस समोर असला, तोंड दिसलं, तं समजते मले. तुम्ही फडकं बांधून विचारत होत्या ना जी, मंग मी सगळ्यालेच हाव म्हणलं."

रुचिकाने हातातली भाकरी डब्याच्या झाकणावर ठेवली.

"काम नका काढजा माह्यं," सखूबाई म्हणाली.

रुचिका घरी गेली तरी तिचं चित्त ठिकाणावर नव्हतं. तिला राहून राहून एकच वाटत होतं, ही एकटीच कशी असेल? वीस-पंचवीस वर्षं त्याच मशिनींजवळ काम करणारी कितीतरी माणसं होती. त्या सगळ्यांनी तिला हो म्हटलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी, मशिनी सुरू व्हायच्या आधी, ती सगळ्यांना एकेक करून सरकीच्या रिकाम्या गोदामात बोलवू लागली. दोन दिवस सकाळी तासभर मशिनी बंद ठेवायला गजेंद्रने कुरकुरत होकार दिला होता. तिने सांगितलं होतं की तपासणीचा एक भाग राहिलाय. पद्धत साधी होती. माणसाला पाठमोरं उभं करायचं, एक कान हाताने झाकायला लावायचा आणि दोन हातांवरून नेहमीच्या आवाजात गावाचं नाव घ्यायचं. जे ऐकलं ते त्याने परत म्हणायचं. मग दुसरा कान.

"आर्वी," ती म्हणायची.

"आर्वी," दिपाली म्हणाली. ती यंदाच लागलेली पोरगी होती.

"देवळी."

प्रमिलाबाई गप्प. थोड्या वेळाने तिने विचारलं, "मॅडम, सुरू करा ना जी."

रुचिकाचं सुरू करून झालं होतं. तीन गावं घेऊन झाली होती.

किसनराव एका कानाने ठीक होता, दुसऱ्याने त्याने 'सेलू'चं 'हेलू' केलं आणि हसला. दोन बायांनी काहीच म्हटलं नाही, फक्त मान डोलवली. त्यातल्या एकीचं वय एकतीस होतं. शुक्रवारपर्यंत तिच्या वहीत तेवीस नावांपुढे फुली पडली होती. रंगीत गोलात हिरवा भाग कुठून आला होता, ते तिला आता दिसत होतं.

याच दोन दिवसांत तिला भांडाराच्या फडताळात एक न फोडलेला खोका सापडला. कानात घालायच्या रबरी बोळ्यांचा. सोबत वहीत वाटपाची नोंद होती, तेव्हाच्या सगळ्या कामगारांची नावं, प्रत्येकापुढे सही नाहीतर अंगठा, दोन वर्षांपूर्वीची तारीख. खोक्यावरची चिकटपट्टी तशीच होती.

शेवटी प्रेमदास आला. हसतच आला. "माह्यंही घेता काय?"

"घेऊ ना. उभे राहा."

तो पाठमोरा उभा राहिला, उजवा कान झाकला.

"हिंगणघाट," रुचिका म्हणाली.

प्रेमदास उभा होता.

"हिंगणघाट." तिने थोडा आवाज चढवला. "पुलगाव. आर्वी."

तो तसाच, पाय जरा फाकवून, तिची वाट बघत उभा होता.  आठ वर्षं एका बाईचे कान झालेला हा माणूस. त्याने मान वळवून विचारलं, "झालं काय?" आणि तिचा चेहरा पाहून त्याचं हसू विरलं. त्याने पुन्हा पाठ केली आणि म्हणाला, "परत घ्या. मोठ्यानं घ्या." तिने परत घेतलं. दुसऱ्या कानाने त्याला तीनातलं एक गाव कळलं.

तो गोदामाच्या पायरीवर बसला. 

"बायको म्हणते, टीव्ही मोठा करता," तो म्हणाला. "मी म्हणो, टीव्हीच खराब आहे."

शनिवारी रुचिकाने सगळे कागद गजेंद्रच्या टेबलावर ठेवले. त्याने वाचले. एकदा वाचले, मग चष्मा पुसून दुसऱ्यांदा.

"हे काय आहे?"

"तपासणी, सर."

"गुरुवारी त्यांचा माणूस येऊन राह्यला. त्याले मी हे दाखवू? तेवीस लोकं बहिरे?" त्याने कागद टेबलावर आपटला. "तुम्हाले ट्रेनिंगचं पाहाले सांगतलं होतं मॅडम. बहिऱ्या माणसाले काय ट्रेनिंग देणार तुम्ही?"

"सखूबाईला काही शिकवायचं नाहीये सर. तिला काम येतं. तिला भोंग्याऐवजी दिवा लागेल, एवढंच. बाकीच्यांचे कान आहेत तेवढे राखायला लागतील. आणि शिकायचं म्हणाल तर आम्ही शिकायचंय. मी ओढणी बांधून प्रश्न विचारले."

"अन् प्रेमदासकाकाचं नाव काऊन टाकलं यात? त्याले कालपर्यंत मी पाह्यतो आहे. एकदम ठणठणीत माणूस आहे तो."

"तुम्ही स्वतः बघा."

गजेंद्र तरातरा उठला. रुचिका मागे गेली. जेवणाची सुट्टी होती, मशिनी बंद होत्या. प्रेमदास पाचव्या मशिनीपुढे उकिडवा बसून बोल्ट आवळत होता. गजेंद्र त्याच्या पाठीमागे, चार पावलांवर थांबला. लहानपणी याच माणसाच्या खांद्यावर बसून त्याने ही जिनिंग पाहिली होती.

"प्रेमदासकाका," तो म्हणाला.

पाना फिरत होता.

"काका." तो आणखी एक पाऊल पुढे गेला. मग, कदाचित चिडून, कदाचित आता तरी हा वळेल म्हणून, त्याने नेहमीच्या आवाजात म्हटलं, "काका, उद्यापासून तुम्ही येऊ नका. तुमची नोकरी गेली."

प्रेमदासने बोल्टवर फुंकर मारली, बोटाने पुसलं आणि दुसरा बोल्ट घेतला.

 गजेंद्रने मशिनीच्या कडेला हात टेकवला. आपण काय बोललो हे त्याचं त्यालाच आता ऐकू आलं असावं, कारण त्याने झटकन रुचिकाकडे पाहिलं आणि मान खाली घातली. त्याच्या टेकलेल्या हाताच्या धक्क्याने मशिनीचा पत्रा हलला आणि प्रेमदासने वळून पाहिलं.

"अरे, गजू! कधी आलास?" तो उठू लागला. "काई म्हणत होता काय?"

"नाई काका," गजेंद्र म्हणाला. "काई नाई. बसा तुम्ही."

तो ऑफिसात परत गेला आणि पंख्याखाली बसून राहिला. दोनदा फोन वाजला, त्याने उचलला नाही. मग रुचिकाला बोलावून विचारलं, "बाबाच्या काळातही मशिनी ह्याच होत्या. मी दहा मिनिटं आत थांबतो अन् डोकं दुखते म्हणून बाहेर येतो. मले कसं नाई सुचलं?"  तिला तरी कुठे सुचलं होतं.

"कामावरून कुणाले काढाचं नाई," तो शेवटी म्हणाला. "लिहा तसं. बाकी काय करा लागते ते सांगा. सही कुठं करू?"

या वेळी त्याने सही करण्यापूर्वी सगळी पानं वाचली.

सोमवारी सरकारी दवाखान्यात कान तपासायला न्यायचं ठरलं. प्रत्येकाबरोबर घरचं कोणी असावं, असं तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं होतं. सखूबाईच्या नोकरीच्या अर्जावर, तातडीच्या वेळी कोणाला कळवावं, या ओळीपुढे एकच नाव होतं. रक्षा, मुलगी, आर्वी.

"पोरीले नका सांगू," सखूबाई म्हणाली. मग बराच वेळ पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसली. "बरं, सांगा. पण सावकाश सांगजा. तिले राग लवकर येते."

रुचिकाने फोन लावला. स्वतःची ओळख सांगितली, जिनिंगमधून बोलतेय म्हणाली.

"मायले काही झालं काय?" पलीकडून घाबरलेला आवाज आला.

"नाही, बऱ्या आहेत. त्यांना सोमवारी दवाखान्यात न्यायचंय. तुम्ही याल का?"

 मग रक्षा म्हणाली, "मायनं म्हणलं काय, मले बोलवा म्हणून?"

"हो."

"खरंच?" आवाज एकदम बदलला. "ताई, सहा वर्षं झाले, माय माह्याशी बोलत नाई. मी आपल्या मनानं लग्न केलं ना. मी फोन करतो तं शेजारची बाई उचलते, म्हणते, माय बरी आहे. घरी गेली तं मी हाका मारतो, अन् ते चुलीकडं तोंड करून बसून राह्यते. एकदा मी दारातून रडत रडत माफी मांगितली, ताई. तिनं वळूनही नाई पाह्यलं. मी तशीच परत आली. मंग दोन वर्षं गेलीच नाई."

रुचिकाने डोळे मिटून घेतले. सावकाश सांगजा, असं सखूबाईने सांगितलं होतं. सावकाश कसं सांगायचं ते तिला कळेना.

"रक्षाताई," ती म्हणाली, "तुमच्या आईला ऐकू येत नाही. आठ वर्षांपासून हळूहळू गेलंय. समोरच्याचं तोंड पाहून त्या निभावून नेतात, म्हणून घरी कळलं नसेल."

 फोन कट झाला असं वाटून रुचिकाने तो कानापासून काढून पाहिला. चालू होता. मग एक लांब, आत ओढलेला श्वास ऐकू आला.

"मंग दारातून मी म्हणलं, ते..."

"नाही ऐकलं त्यांनी."

गुरुवारी सूतगिरणीचा माणूस आला. त्याला रंगीत गोल दाखवलाच नाही. त्याने तेवीस नावांची यादी वाचली, न फोडलेला खोका पाहिला, गजेंद्रला दोन-चार कडक प्रश्न विचारले आणि सहा महिन्यांनी परत येईन, असं लिहून गेला. खरेदी बंद केली नाही, शाबासकीही दिली नाही. प्रत्येक हॉलमध्ये लाल दिवे बसले. बोळे वाटले, पण अर्ध्या लोकांनी आठवडाभरात काढून खिशात टाकले, कारण ते घातले की मशिनीचा बदललेला आवाज कळत नाही, असं त्यांचं म्हणणं. त्यावर रुचिकाचं आणि त्यांचं अजून भांडण चालू आहे. प्रेमदासला कानाचं यंत्र मिळालं. सखूबाईला त्याचा फारसा उपयोग होणार नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. दुसऱ्या तालमीला साडेपाच मिनिटं लागली, पहिलीपेक्षा जास्त, आणि एका दिव्याची वायर काढून कुणीतरी तिथे मोबाईल चार्जिंगला लावलेला निघाला. पण बासष्ट हात वर झाले.

रक्षा त्या दवाखान्याच्या सोमवारी सकाळीच आली होती. आर्वीहून पहिल्या एसटीने निघून, बस बदलत, जिनिंगच्या फाटकाशी उतरली. कडेवर दोन-अडीच वर्षांची मुलगी. सखूबाई वजनकाट्याजवळच्या बाकावर नवं लुगडं नेसून बसली होती, रस्त्याच्या उलट्या बाजूला तोंड करून.

रक्षाने हाक मारायला तोंड उघडलं आणि मिटलं. मग ती बाकाला पूर्ण वळसा घालून आईच्या समोर आली, मुलीला खाली ठेवलं आणि मातीतच बसली, आईच्या गुडघ्यांना गुडघे लावून. सखूबाईने तिला पाहिलं. दोन्ही हात उचलले, पण कुठे ठेवावेत ते न कळल्यासारखे हवेतच राहिले.

रक्षा बोलू लागली. गोंडीत, त्यांच्या घरच्या भाषेत बोलत होती, रुचिकाला एक शब्दही कळत नव्हता. ती फार भराभर बोलत होती, आणि मधेच सखूबाईने तिची हनुवटी धरून चेहरा आपल्याकडे वर केला, उजेडात. मग रक्षा थांबली, नाक पुसलं आणि पहिल्यापासून, अगदी सावकाश, पुन्हा सांगायला लागली.

दवाखान्याची गाडी फाटकाशी येऊन उभी राहिली. ड्रायव्हरने हॉर्न वाजवला. रुचिकाने त्याला हाताने थांबायला सांगितलं.